रोजचे अप-डाऊन की नवे बिऱ्हाड?

तुमचे पत्र बरेच सविस्तर आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी त्याचा गोषवारा देते. तुमचे वय ४१ वर्षे असून तुम्ही लेखा विभागात काम करता, आणि सध्याचे ऑफिस घरापासून २५ मिनिटांवर आहे. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने तुम्हाला विभागप्रमुखाचे पद आणि ३० टक्के जास्त पगार देऊ केला आहे. ते ऑफिस घरापासून ८५ किलोमीटरवर आहे आणि पहिले सहा महिने प्रोबेशनचे आहेत. तुमच्या पतींचा छपाईचा व्यवसाय याच शहरात आहे, मुलीची शाळा संपायला १४ महिने उरले आहेत, सासूबाई तुमच्याजवळ राहतात आणि त्यांना जिने चढवत नाहीत. घर स्वतःचे आहे, पण कर्जाचे हप्ते आणखी सात वर्षे चालतील. पती म्हणतात की रोज जाऊन-येऊन कर, तुमच्या आई म्हणतात की सगळे मिळून तिकडेच जा, आणि जवळची मैत्रीण म्हणते की ही नोकरीच घेऊ नको. होकार किंवा नकार कळवायला तुमच्या हातात १२ दिवस आहेत.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही लिहिता, ‘सगळे नीट जुळून आले तर एका बाजूला १ तास ४० मिनिटे लागतात, आणि एकदा सवय झाली की त्याचे काही वाटणार नाही.’ या वाक्यात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: एक म्हणजे सगळे नीट जुळून येईल, आणि दुसरी म्हणजे सवय होईल. तुमचा निर्णय या दोन खांबांवर उभा आहे, म्हणून आधी ते खांब ठोकून पाहू.

सगळे नीट जुळून आले असेच धरून हिशेब करू. जाण्यायेण्याचे मिळून रोज ३ तास २० मिनिटे होतात. सुट्ट्या, सण आणि रजा वगळून वर्षाचे कामाचे दिवस २३० धरले, तर वर्षाला सुमारे ७६७ तास होतात, म्हणजे आठ तासांचा एक दिवस धरला तर जवळजवळ ९६ दिवस. हजेरीपटावर ज्यांची नोंद होणार नाही असे कामाचे ९६ दिवस तुम्ही वर्षात वाढवून घेत आहात. आजही तुम्ही प्रवास करताच, पण तो वर्षाला १९२ तासांच्या आसपास आहे. त्यामुळे खरी वाढ ५७५ तासांची आहे. तुम्ही हिशेबातल्या माणूस आहात, तेव्हा पगाराकडेही याच नजरेने पाहा. आजचा पगार १०० धरा आणि नवा १३०. आठवड्याचे काम दोन्हीकडे ४५ तासांचे धरले आणि त्यात प्रवासाचे तास मिळवले, तर आज तुम्ही १०० रुपयांसाठी सुमारे ४९ तास देता, आणि तिकडे १३० रुपयांसाठी जवळजवळ ६२ तास द्याल. तासामागची वाढ चार टक्क्यांहूनही कमी भरते, आणि त्यातून प्रवासखर्च व वाढलेला कर अजून वजा करायचा आहे. केवळ पैशांसाठी ही नोकरी घेत असाल तर मैत्रिणीचे बरोबर आहे. मात्र तुमचे पत्र वाचून मला तसे वाटत नाही; पगाराला तुम्ही एक ओळ दिली आहे आणि पदाला दीड पान.

आता ‘नीट जुळून आले तर’ या शब्दांकडे वळते. मी स्वतः चार वर्षे असेच अप-डाऊन केले आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानांवर रोज दोन वेळा लिहून ठेवीत असे: दाराला कुलूप लावल्याची आणि ऑफिसातल्या खुर्चीत टेकल्याची. घरी सगळ्यांना मी ‘सव्वा तास लागतो’ असे सांगितले होते आणि बहुतेक दिवशी ते खरेही होते. पण दोन महिन्यांनी आकडे मांडले तेव्हा दिसले की पाचातल्या एका दिवशी मला दोन तासांपेक्षा जास्त लागले होते. कधी वाटेत काही तरी बंद पडलेले असे, कधी पाऊस असे, तर कधी शेवटच्या क्षणी वरिष्ठांनी दहा मिनिटे थांबवलेले असे आणि त्या दहा मिनिटांनी ठरलेली गाडी चुकून पुढची पाऊण तासाने मिळालेली असे. घरातली सगळी माणसे माझ्या सव्वा तासावर विसंबून आपापली कामे ठरवीत होती, त्यामुळे त्यांच्या लेखी मी आठवड्यातून एकदा हमखास शब्द मोडणारी बाई झाले होते. प्रवासाने मला जेवढे थकवले नाही, तेवढे त्या पाचव्या दिवसाच्या सबबींनी थकवले.

म्हणून या १२ दिवसांत हा प्रवास प्रत्यक्ष करून पाहा, आणि तो किमान तीनदा करा. सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या मोकळ्या वेळी केलेली फेरी यात धरू नका. कामाच्या दिवशी, ज्या वेळेला रोज निघावे लागेल त्याच वेळेला घराबाहेर पडा, ऑफिसच्या दारापर्यंत जा आणि ऑफिस सुटण्याच्या वेळी तिथून परत फिरा. आठवड्यातला सर्वांत गर्दीचा जो दिवस असेल तो या तीनांत हवाच. त्यासाठी दोन-तीन रजा खर्च होतील, पण चुकीच्या निर्णयाच्या तुलनेत त्या स्वस्त आहेत. संध्याकाळी उशीर झाला तर परत येण्याचे शेवटचे साधन किती वाजता सुटते आणि ते चुकले तर काय करता येते, याचीही चौकशी करून ठेवा. तुम्ही रेल्वेने जाणार, बसने जाणार की स्वतःची गाडी चालवणार, हे पत्रात कुठेच नाही; बसायला जागा मिळते का, हेही नाही. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. बसून वाचता येणारा, डोळे मिटून पडता येणारा पावणेदोन तास वेगळा आणि उभ्याने लोंबकळत काढलेला वेगळा. स्वतः गाडी चालवणार असाल तर माझे मत सरळ नकाराचे आहे, कारण पहाटे उठून, दिवसभर आकड्यांत डोके घालून, अंधारात ८५ किलोमीटर गाडी हाकणे हा प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

सवयीच्या बाबतीत मला जास्त लिहायचे आहे, कारण याच एका भरवशावर माणसे वर्षानुवर्षे स्वतःला ओढत राहतात. झुरिच विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ब्रूनो फ्रे आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षे गोळा झालेली माहिती तपासून २००४ मध्ये एक निबंध मांडला. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे लांबचा प्रवास पत्करणाऱ्याला त्याचा मोबदला चांगल्या पगारात किंवा चांगल्या घरात मिळत असला पाहिजे, नाही तर तो प्रवास पत्करणारच नाही. प्रत्यक्षात त्यांना दिसले ते असे की प्रवास जितका लांब तितके माणसाचे आयुष्याविषयीचे समाधान कमी, आणि पगार किंवा घर ती तूट भरून काढत नाही. याला त्यांनी प्रवासाचा विरोधाभास असे नाव दिले. मला यामागचे कारण असे वाटते की जी गोष्ट रोज सारखीच असते तिची सवय होते, आणि जी रोज वेगळी वागते तिची होत नाही. वाढलेला पगार तिसऱ्या महिन्यात ‘आपला पगार’ होतो आणि दाराच्या पाटीवरचे पदनाम सहा महिन्यांनी नजरेत भरेनासे होते. प्रवास मात्र रोज नव्याने त्रास देतो, कारण आज काय वाढून ठेवले आहे हे सकाळी ठाऊक नसते. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या नोकरी करणाऱ्या ९०९ स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा वृत्तान्त आणि प्रत्येक वेळची मनःस्थिती लिहायला सांगितली होती. दिवसभरातल्या गोष्टी किती सुखाच्या वाटतात या क्रमाने लावल्या, तेव्हा सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास तळाशी होता.

तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट याच्या पुढची आहे. ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या अशाच दीर्घकालीन माहितीवरून अर्थतज्ज्ञ जेनिफर रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की प्रवासाचा वेळ वाढला की स्त्रियांच्या मानसिक स्वास्थ्यावर त्याचा वाईट परिणाम दिसतो, पुरुषांच्या स्वास्थ्यावर मात्र तसा दिसत नाही. स्त्रियांचे कामाचे तास किंवा नोकरीतले स्थान यांतून हा फरक उलगडत नाही. घर आणि मुले यांचा रोजचा भार स्त्रीवर जास्त असतो, त्यातून तो येत असावा असे त्यांचे म्हणणे आहे. पुरुषाचा प्रवास घराच्या दाराशी संपतो. बाईचा तिथे संपत नाही, तिथे फक्त वाहन बदलते.

म्हणूनच तुमच्या पतींच्या सल्ल्याकडे मी जरा बारकाईने पाहिले. ‘तू अप-डाऊन कर, संध्याकाळचे बघू’ असे ते म्हणाले, असे तुम्ही लिहिता. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पत्रावरून ते समजूतदार गृहस्थ दिसतात आणि तुमच्या बढतीचा त्यांना मनापासून आनंद झाला आहे. पण ‘बघू’ या क्रियापदाला कर्ता नाही. कोण बघणार? आपल्या घरांमध्ये कर्ता नसलेल्या क्रियापदांची कामे शेवटी कोणाकडे येतात हे तुम्हाला सांगायला नको. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या एरिका सँडो यांनी १९९५ ते २००५ या काळातल्या २० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एका बाजूला ४५ मिनिटे किंवा त्याहून जास्त प्रवास करणाऱ्यांमध्ये जोडीदारापासून विभक्त होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आढळला, आणि तो पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक होता. हे वाचून घाबरू नका. प्रवासामुळेच संसार मोडतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. आधीच कुरबुर असलेली माणसे लांबची नोकरी पत्करत असतील, असेही असू शकते. पण चीर पडते ती कुठे, हे त्यातून कळते. एकाच्या प्रवासाचा भार घरी राहिलेला दुसरा उचलत असतो. तो भार आधी बोलून ठरवलेला नसेल, तर प्रवास करणाऱ्याला वाटते की मी एवढी धावपळ करते आणि कोणाला त्याची किंमत नाही, आणि घरी असलेल्याला वाटते की सगळे माझ्याच गळ्यात पडले. दोघांचेही खरे असते, म्हणून तर भांडण मिटत नाही.

याला उपाय एका कागदाचा आहे, आणि तो तुम्ही या आठवड्यातच करा. मुलगी झोपल्यावर दोघांनी बसावे आणि संध्याकाळी साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत घरात जे जे घडते ते वेळेसह लिहावे: मुलगी आली की दार कोण उघडते, सासूबाईंच्या औषधाची वेळ कोण सांभाळते, त्यांना बाथरूमपर्यंत हात कोण देते, स्वयंपाक कोण करते, शाळेचा फोन कोणाच्या मोबाइलवर येतो, सिलिंडर संपला तर कोणाच्या लक्षात येते. शेवटची बाब मुद्दाम लिहिली आहे. काम करण्यापेक्षा काम लक्षात ठेवणे जड असते आणि ते कोणत्याच वाटणीत धरले जात नाही. मग प्रत्येक ओळीपुढे नव्या व्यवस्थेत ते काम करणाऱ्याचे नाव लिहावे. तुमच्या पतींचे नाव तुम्ही लिहू नका. ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे. ज्या ओळीपुढे नाव येणार नाही तिथे पगारी मदत घ्यायची का, हे तेव्हाच ठरवावे आणि तो खर्च वाढीव पगारातून वजा करावा. एखाद्या ओळीपुढे मुलीचे नाव सहज लिहिले जाताना दिसले, तर तिथे थांबा. शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी ही घरातली रिकामी जागा भरणारी माणूस नव्हे.

तुमच्या आईंचा सल्ला ऐकायला सोपा वाटतो: सगळे मिळून जा, म्हणजे प्रवासाचा प्रश्नच मिटला. पण बिऱ्हाड हलवणे ही एक घटना नसते. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या बदलांना ताणाप्रमाणे गुण देणारी एक मोजपट्टी तयार केली. त्यांनी जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण दिले, घटस्फोटाला ७३, आणि घर बदलण्याला अवघे २०. एवढेच वाचले तर घर बदलणे किरकोळ वाटते. पण त्याच पट्टीवर शाळा बदलण्याचे २०, राहणीमानातल्या बदलाचे २५ आणि जोडीदाराचे काम सुरू होण्याचे किंवा थांबण्याचे २६ गुण आहेत. तुमच्या घरात हे चारही बदल एकाच महिन्यात होतील आणि बेरीज ९१ होईल. ही पट्टी जुनी आहे आणि ढोबळही आहे, तिच्यावरून भविष्य वर्तवायचे नसते. पण एका घराच्या बदलामागे किती गोष्टी ओढल्या जातात हे ती चांगले दाखवते. पतींचा व्यवसाय यंत्रांसह हलवता येईल, पण वीस वर्षांचे गिऱ्हाईक ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. मुलीला शेवटच्या वर्षी नव्या शाळेत, नव्या शिक्षकांपुढे उभे करणे योग्य नाही. सासूबाईंना या घरातला प्रत्येक उंबरठा अंधारातही ठाऊक आहे, तर नव्या घरात त्या पहिले काही महिने भिंत धरून चालतील. आणि हे सगळे ज्या नोकरीसाठी करायचे, ती नोकरी सहा महिने प्रोबेशनवर आहे. तुम्हाला ते ठिकाण पसंत पडेल की नाही आणि त्यांना तुम्ही पसंत पडाल की नाही, हे दोन्ही अजून ठरायचे आहे. अप-डाऊन जमले नाही तर ते पुढच्या सोमवारी थांबवता येते. विकलेले घर पुढच्या सोमवारी परत मिळत नाही. त्यामुळे आत्ता संपूर्ण बिऱ्हाड हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मैत्रीण म्हणते तसा नकार द्यावा का? नकार देण्यात काही कमीपणा नाही, आणि प्रवासाच्या तीन फेऱ्यांनंतर तुमच्या मनानेच तसा कौल दिला तर तो जरूर माना. पण पत्रात तुम्ही विभागाची घडी कशी बसवाल याविषयी जे लिहिले आहे, ते वाचून मला वाटते की नाही म्हटल्यावर पुढची पाच वर्षे तुम्ही सध्याच्या खुर्चीत बसून त्या दुसऱ्या खुर्चीचा विचार करत राहाल. म्हणून मी होकाराच्या बाजूची आहे, फक्त तुम्ही विचारलेल्या दोन्ही मार्गांनी नव्हे.

तिसरा मार्ग आठवड्यातल्या दोन रात्री तिकडे राहण्याचा आहे. आठवड्यातून एक दिवस घरून काम करायला हरकत नसेल, असे मुलाखतीत तोंडी सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते नेमणूकपत्रात किंवा किमान ई-मेलवर लेखी घ्या. तोंडी सवलत ही देणाऱ्या वरिष्ठाची बदली होईपर्यंतच टिकते. मग आठवडा असा बसतो: सोमवारी सकाळी जायचे, सोमवार आणि मंगळवारची रात्र तिकडे काढायची, बुधवारी संध्याकाळी परत यायचे, गुरुवारी जाऊन-येऊन करायचे आणि शुक्रवारी घरून काम करायचे. आठवड्याच्या दहा फेऱ्यांऐवजी चार फेऱ्या होतात आणि १६ तास ४० मिनिटांचा प्रवास ६ तास ४० मिनिटांवर येतो. आज तुम्ही आठवड्याला ४ तास १० मिनिटे प्रवास करताच, तेव्हा ही वाढ अडीच तासांची आहे आणि ती माणसाला झेपते. खोलीच्या भाड्यात वाढीव पगारातला काही भाग जाईल, तो जाऊ द्या; पहिल्या वर्षी या नोकरीतून बचत होणार नाही असे धरूनच चाला. खोली मात्र ऑफिसपासून पायी जाता येईल अशीच घ्या. थोडे भाडे वाचवायला लांबची खोली घेतली आणि तिथूनही पाऊण तास प्रवास करावा लागला, तर हा सगळा खटाटोप कशासाठी केला असे होईल.

यावर तुमच्या मनात पहिला विचार कोणता येईल हे मला ठाऊक आहे, कारण पत्रात दोन ठिकाणी ‘मुलीला एकटे टाकून’ असे शब्द आले आहेत. दोन रात्री बाहेर राहणे म्हणजे टाकून जाणे नव्हे. रोज रात्री नऊला घरी पोहोचून, जेवणाच्या ताटावर डोळे मिटत असलेली आई मुलीला पाच दिवस दिसते, की तीन संध्याकाळी आणि पूर्ण शुक्रवार भानावर असलेली आई मिळते, या दोहोंतून निवड करायची आहे. रोज घरी येणारी आई आज जशी आहे तशीच राहील, हा पर्याय नव्या नोकरीत कुठेच नाही. सासूबाईंशी मात्र तुम्ही स्वतः, शांतपणे बोला. त्यांना ही गोष्ट मुलाकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळू नये. ज्या दोन रात्री तुम्ही नसाल, त्या रात्री त्यांना काय लागते हे त्यांनाच विचारा. बरेचदा उत्तर आपल्या कल्पनेपेक्षा लहान असते: उशाशी एक घंटी, बाथरूमचा दिवा चालू, एवढेच.

या व्यवस्थेला दोन तारखा मात्र लावून घ्या आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहा. पहिली तारीख प्रोबेशन संपण्याची आणि दुसरी मुलीची शाळा संपण्याची. पहिल्या तारखेला दोघांनी बसून ठरवायचे की हे पुढे चालवायचे की नाही. आणि कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे, हे आत्ताच, डोके थंड असताना लिहून ठेवायचे, कारण थकलेला माणूस सहा महिन्यांनी स्वतःच्या थकव्याचा चांगला न्यायाधीश नसतो. माझ्या मते तीन खुणा पुरेत: सलग महिनाभर तुमची झोप सहा तासांखाली गेली असेल, प्रवासामुळे महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा कबूल केलेली वेळ चुकली असेल, किंवा सासूबाईंची कामे हळूहळू मुलीकडे गेली असतील. यांतली एक जरी दिसली तरी व्यवस्था बदलायची. कोणाची चूक होती, याची चर्चा करायची नाही. दुसऱ्या तारखेला मुलगी पुढच्या शिक्षणासाठी कुठे जाणार हे बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असेल, आणि बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी सोपा असेल. तेव्हाही घर विकू नका. आधी तिकडे वर्षभर भाड्याने राहा आणि इथले घर भाड्याने देऊन हप्त्याला हातभार लागतो का ते पाहा. तुमच्या पतींनीही या १४ महिन्यांत तिकडची काही कामे मिळतात का, याचा अंदाज घ्यावा. त्यांच्या व्यवसायाचे पाय तिकडे रोवले गेले तर निर्णय आपोआप हलका होईल.

हा सल्ला तुमच्या घरासाठी आहे. मूल लहान असते, पतींचे काम कुठूनही होण्यासारखे असते आणि नोकरी पहिल्या दिवसापासून कायम असती, तर मी सरळ बिऱ्हाड हलवायला सांगितले असते. अशा परिस्थितीत असलेल्या वाचकांनी वरच्या ओळी स्वतःला लावून घेऊ नयेत.

ताजा कलमात तुम्ही विचारले आहे की घर इतके लांब आहे हे नव्या वरिष्ठांना आधी सांगावे की रुजू झाल्यावर. आधीच सांगा, आणि अडचण म्हणून न सांगता व्यवस्था म्हणून सांगा. ‘मी आठवड्यातून दोन रात्री इथे राहणार आहे, शुक्रवारी घरून काम करीन, आणि गुरुवारी मला संध्याकाळी ठरावीक वेळी निघावे लागेल’ असे तीन वाक्यांत, होकाराच्या पत्रातच लिहा. होकार कळवण्याआधीच्या आठवड्यात त्यांना तुम्ही हव्या असता, तेव्हा असे मागणे सहज मान्य होते. रुजू झाल्यावर तेच मागणे सवलत ठरते. गुरुवारच्या वेळेवर त्यांनी काचकूच केली, तर पुढे बाकीच्या दिवशी काय होईल याचा अंदाज तुम्हाला १२ दिवस संपण्याआधीच येईल. नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत सध्याच्या ऑफिसात राजीनामा देऊ नका, आणि खोलीची अनामतही भरू नका.